फुटबॉलचे गुरुजी : सय्यद अब्दुल रहीम

फुटबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानावर असतात. प्रेक्षकांचे डोळे चेंडूवर आणि चेंडू टोलवणाऱ्या पायांवर खिळलेले असतात. रेषेबाहेर बाकावर बसलेल्या माणसाकडे सहसा कोणी पाहत नाही. चेंडू कोणी कोणाकडे द्यायचा, कोणी धावायचे, कोणी जागेवर उभे राहायचे, प्रतिस्पर्ध्याची चढाई कशी रोखायची, हे सारे त्या माणसाने आधी ठरवलेले असते. पण सामना सुरू झाला की त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. अमेरिकेत फुटबॉल याच नावाने एक निराळा खेळ खेळला जातो. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात, हाताने दूरवर फेकतात, आणि प्रत्येक चालीनंतर खेळ थांबत असल्याने प्रशिक्षकाला पुढची चाल बाहेरून सांगता येते. आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये ही सवड नाही. खेळ अखंड चालतो. म्हणून येथील प्रशिक्षकाला आपले काम शिट्टी वाजण्यापूर्वीच पुरे करावे लागते. शाळेतील शिक्षकाचेही असेच असते. परीक्षेच्या दालनात तो विद्यार्थ्यांबरोबर जाऊ शकत नाही.

भारतीय फुटबॉलला आशियात दोन वेळा सुवर्णपदक आणि ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळेतील शिक्षकच होते.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या वेळचे हैदराबाद संस्थान फार विस्तृत होते. आजच्या तेलंगणाबरोबर कर्नाटकाचा काही भाग आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठवाड्याचे जिल्हेही त्यात मोडत. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण मिळू लागले. रहीम यांनी याच विद्यापीठातून पदवी घेतली. विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉल खेळत. पुढे त्यांनी हैदराबादेतील निरनिराळ्या शाळांत अध्यापन केले आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळवली. खेळाडू म्हणून त्यांचे नाव शहराबाहेर फारसे गेले नाही. खेळ समजावून देणे हा त्यांचा खरा पिंड होता.

१९४० नंतरच्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे आले आणि अखेरपर्यंत राहिले. पदाधिकारी म्हणून सभा घेणे, स्पर्धांची पत्रके काढणे एवढ्यावर ते थांबले नाहीत. आपल्या मुलांचा खेळ कोठे उणा पडतो, हे त्यांनी शिक्षकाच्या नजरेने न्याहाळले. त्या काळी भारतीय खेळाडूंचे कौशल्य म्हणजे चेंडू पायात खेळवत दोघातिघांना चकवणे. प्रेक्षकही अशा खेळावर टाळ्या देत. परंतु एकट्याच्या या करामतीत वेळ जातो, तेवढ्यात प्रतिस्पर्धी बचावासाठी गोळा होतात आणि चढाई विरून जाते. माणूस कितीही वेगाने धावला तरी टोलवलेला चेंडू त्याहून वेगाने जातो, ही साधी गोष्ट रहीम यांनी आपल्या शिकवणीच्या मुळाशी ठेवली. चेंडू आला की त्याला अडवून न बसता पहिल्याच स्पर्शात योग्य सहकाऱ्याकडे द्यायचा आणि आपण लगेच मोकळ्या जागेत जायचे. यालाच पासचा खेळ म्हणतात. ऐकायला सोपा, पण अंगी बाणवायला कठीण. कारण चेंडू येण्यापूर्वीच तो कोणाला द्यायचा हे ठरलेले असावे लागते.

हे अंगी बाणावे म्हणून रहीम यांनी चमत्कारिक वाटतील असे सामने भरवले. काही सामन्यांत चेंडू पायात खेळवण्यास मनाई असे. मिळालेला चेंडू तत्काळ पुढे द्यावाच लागे. काही सामन्यांत खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारायचा. उजव्या पायाने सहज खेळणारा मुलगा डाव्या पायाने खेळू लागला की प्रथम हसे होई, मात्र काही महिन्यांनी त्याचे दोन्ही पाय सारखेच उपयोगी पडू लागत. उंचीने लहान असलेल्या मुलांसाठीही त्यांनी वेगळ्या स्पर्धा घेतल्या. धिप्पाड मुलांच्या धक्क्यांपुढे ही मुले एरवी मागे पडत, आणि त्यांच्यातील चपळाई कोणाच्या लक्षातच येत नसे. महागडी साधने नसताना नियमांत एखादा छोटासा बदल करून मुलांकडून नेमके हवे ते करवून घेण्याची ही युक्ती चांगल्या शिक्षकांना परिचित आहे.

१९५० मध्ये रहीम हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. त्या काळी भारतीय फुटबॉल म्हणजे कलकत्ता, असे समीकरण होते. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग हे तेथील मातब्बर संघ. त्यांच्यापुढे हैदराबादच्या पोलीस शिपायांचा संघ कोण विचारात घेणार? मुंबईच्या कूपरेज मैदानावर भरणारी रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील जुन्या आणि प्रतिष्ठेच्या स्पर्धांपैकी एक होती. १८९१ पासून ती खेळली जात होती. हैदराबाद पोलिसांनी १९५० मध्ये हा चषक जिंकला. त्यानंतर १९५१, १९५२, १९५३ आणि १९५४ असा सलग पाच वर्षे तो त्यांच्याकडेच राहिला. मुंबईच्या प्रेक्षकांना या संघाच्या खेळातील सफाई डोळे भरून पाहायला मिळाली. १९५० चा ड्युरँड चषकही याच संघाने पटकावला. देशभरच्या फुटबॉल संघटकांचे लक्ष आता त्या शांत, अबोल शिक्षकाकडे वळले आणि भारतीय संघ त्यांच्या हाती सोपवण्यात आला.

मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. शैलेन मन्ना हे भारतीय संघाचे कर्णधार होते. इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी तीन गोलांनी हरवून भारताने अंतिम फेरी गाठली. १० मार्च रोजी झालेल्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध साहू मेवालाल यांनी एकमेव गोल केला आणि भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळाले. स्वातंत्र्य मिळून चार वर्षेही झाली नव्हती. त्या काळात हा विजय साऱ्या देशाला सुखावून गेला.

पुढच्याच वर्षी मात्र जबर ठोकर बसली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. भारताचे अनेक खेळाडू तेथे अनवाणी खेळले. आपल्याकडील मऊ मातीच्या मैदानांवर अनवाणी पायांना चेंडूचा जो नेमका स्पर्श कळतो, तो बुटात कळत नाही, अशी त्यांची धारणा होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण युरोपच्या थंडीत, ओलसर गवतावर, बूट घातलेल्या धिप्पाड खेळाडूंसमोर हे कौशल्य निरुपयोगी ठरले. त्यानंतर राष्ट्रीय संघटनेने बूट सक्तीचे केले. रहीम यांनी या पराभवातून बुटांपलीकडचाही बोध घेतला. युरोपातील संघ मैदानावर कशा रचनेत उभे राहतात, हे त्यांनी बारकाईने अभ्यासले.

ही रचना समजून घेतल्याशिवाय रहीम यांचे मोठेपण ध्यानात येणार नाही. जुन्या पद्धतीत बचावाला दोन, मध्यभागी तीन आणि आघाडीला पाच खेळाडू असत. पाच जण पुढे धावत आणि बचावाचा भार दोघांवर पडे. चेंडू अचानक उलट फिरला की हे दोघे उघडे पडत. पुढे बचावफळीत तिसऱ्या खेळाडूची भर पडली. प्रतिस्पर्धी संघाच्या मधल्या आघाडीवीराला, म्हणजे सेंटर फॉरवर्डला, सतत चिकटून राहणे हे या तिसऱ्याचे काम. हा बचाव बराच काळ अभेद्य समजला जाई. हंगेरीच्या संघाने त्यावर उपाय शोधला. त्यांचा सेंटर फॉरवर्ड गोलाजवळ उभा न राहता मागे मैदानाच्या मध्याकडे येऊ लागला. आता त्याच्यावर नेमलेल्या बचावपटूने काय करावे? पाठोपाठ जावे, तर त्याच्या मागे गोलासमोर मोकळे खिंडार पडते आणि दुसरे आघाडीवीर तेथून घुसतात. जागेवर थांबावे, तर मागे गेलेल्या खेळाडूला कोणी अडवणारा राहत नाही. तो निवांतपणे चेंडू घेतो आणि हव्या त्या सहकाऱ्याकडे देतो. दोन्हीकडून कोंडीच. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले, त्यामागे ही युक्ती होती. फुटबॉलची जन्मभूमी म्हणवणारा इंग्लंड त्या दिवशी अक्षरशः गोंधळून गेला.

भारतात या विचाराचे मोल ज्यांनी प्रथम ओळखले त्यांत रहीम अग्रभागी होते. भारतीय खेळाडू अंगापिंडाने किरकोळ. उंच चेंडूवर झेप घेण्यात किंवा धक्काबुक्कीत ते युरोपियनांना पुरे पडणार नाहीत, हे उघड होते. तेव्हा चेंडू जमिनीलगत ठेवावा, आखूड आणि जलद पासांनी पुढे न्यावा, एखाद्या आघाडीवीराने मागे येऊन बचावपटूला जागेवरून हलवावे आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्याने धाव घ्यावी, अशी पद्धत त्यांनी बसवली. पुढे चार बचावपटू, दोन मधले आणि चार आघाडीचे अशी रचना ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात जगापुढे आणली. बचाव आणि आघाडी यांचा तोल सांभाळणाऱ्या याच दिशेने रहीम यांचेही प्रयोग चालू होते. इतरांचे ज्ञान त्यांनी उघड्या मनाने स्वीकारले. पण आपल्या खेळाडूंच्या पायांना मानवेल तेवढेच घेतले, हे अधिक महत्त्वाचे.

१९५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ऑलिंपिक झाले. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती, पण हंगेरीचा संघ आला नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध सामना झाला. भारताने तो ४-२ असा जिंकला. त्यांतील तीन गोल नेव्हिल डिसोझा यांचे होते. गोव्यातील आसगाव येथे जन्मलेला आणि मुंबईत टाटा संघाकडून खेळणारा हा तरुण ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू ठरला. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर उभा राहिला. चार वर्षांपूर्वी ज्या संघाने दहा गोल चढवले होते, त्याच्याविरुद्ध पहिला गोल भारताने केला. तोही नेव्हिल यांनीच. पुढे युगोस्लाव्हियाने सामना ४-१ असा फिरवला आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. तरीही ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला. त्याच मेलबर्नमध्ये भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक मिळवले. रायपूरहून आगगाडीने काही तासांच्या अंतरावर असलेल्या बिलासपूरचे सुपुत्र लेस्ली क्लॉडियस त्या संघात होते. देशाने हॉकीचा जयजयकार केला, ते योग्यच होते. फुटबॉलचे चौथे स्थान मात्र त्या गजरात काहीसे झाकोळले गेले.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्येही संघ रहीम यांच्याकडे होता. भारत हंगेरीकडून अवघ्या एका गोलाने हरला आणि फ्रान्सला त्याने १-१ असे बरोबरीत रोखले. पेरूविरुद्धचा सामनाही गमवावा लागल्याने आव्हान पहिल्याच फेरीत संपले. परंतु एक उत्तम संघ आकाराला येत होता. गोलरक्षक पीटर थंगराज, बचावफळीत जर्नेलसिंग आणि अरुण घोष, आघाडीला पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि सिकंदराबादचे तुलसीदास बलराम. बंगाल, पंजाब, दक्षिण भारत अशा निरनिराळ्या प्रांतांतून आलेले, निरनिराळ्या भाषा बोलणारे हे तरुण. त्यांना एका सूत्रात गुंफणे हे डावपेच शिकवण्याइतकेच अवघड होते. रहीम आरडाओरडा करीत नसत. बोलणे थोडे आणि मोजके. खेळाडू त्यांना रहीमसाहेब म्हणत.

१९६२ च्या आशियाई स्पर्धा इंडोनेशियातील जकार्ता येथे भरल्या. तोवर रहीम यांच्या शरीरात फुफ्फुसाच्या कर्करोगाने घर केले होते. खोकल्याची उबळ त्यांना वारंवार येई. आजाराचे गांभीर्य न बोलता ते संघाबरोबर राहिले.

स्पर्धेची सुरुवात निराशाजनक झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. नंतर थायलंडविरुद्ध ४-१ असा विजय मिळाला, पण त्या सामन्यात बचावाचा कणा असलेले जर्नेलसिंग यांचे डोके फुटले आणि टाके घालावे लागले. भारताने जपानला २-० असे हरवून उपांत्य फेरी गाठली खरी. तथापि जर्नेलसिंग यांचे काय करावे हा पेच होता. बचावपटूला उंच चेंडू वारंवार डोक्याने परतवावा लागतो. जखमी डोक्याने ते शक्य नव्हते. शिवाय त्या काळी सामन्यात बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. उतरवायचा तो खेळाडू शेवटपर्यंत टिकला पाहिजे. दुसरा एखादा प्रशिक्षक असता तर त्याने जर्नेलसिंग यांना बाहेर बसवले असते. रहीम यांनी त्यांना बचावफळीतून काढून थेट आघाडीला, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले आणि त्यांची बचावातील जागा अरुण घोष यांच्याकडे दिली. जर्नेलसिंग तरुणपणी आघाडीला खेळलेले होते. त्यांची ताकद आणि धडाडी प्रतिस्पर्धी बचावाला जड जाईल, हा रहीम यांचा हिशेब होता. तो अचूक ठरला. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला भारताने ३-२ असे नमवले आणि त्यांत जर्नेलसिंग यांचाही एक गोल होता.

दरम्यान मैदानाबाहेरचे वातावरण तापले होते. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. आशियाई क्रीडा चळवळीतील ज्येष्ठ भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली, तेव्हा यजमान देशात भारताविरुद्ध संतापाची लाट उसळली. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यासाठी भारतीय संघ सेनायन मैदानावर उतरला, तेव्हा सुमारे एक लाख प्रेक्षक त्याच्याविरुद्ध घोषणा देत होते. समोर होता पहिल्याच सामन्यात हरवणारा दक्षिण कोरिया. त्या प्रचंड जनसमुदायात भारताच्या बाजूने ओरडणारे मूठभर लोक होते, आणि त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडू होते, ही आठवण भारतीय खेळाडूंनी पुढे आवर्जून सांगितली.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी रहीम यांनी खेळाडूंकडे एकच मागणे मागितले, सुवर्णपदकाचे. आजारपण, खेळाडूंच्या दुखापती, बाहेरचा क्षोभ हे सारे ठाऊक असलेल्या त्या तरुणांना याहून अधिक काही सांगण्याची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. विसाव्या मिनिटाला दुसरा गोल झाला, तो डोक्याला जखम असलेल्या जर्नेलसिंग यांचा. त्यानंतरचा तासाहून अधिक काळ बचावाच्या परीक्षेचा होता. कोरियन खेळाडू चढाईमागून चढाई करीत होते. मधल्या फळीत गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको आणि प्रशांत सिन्हा प्रतिस्पर्ध्यांचे पास मध्येच तोडत होते, अरुण घोष गोलासमोरची जागा राखत होते, उंचपुरे थंगराज हवेतील चेंडू कवेत घेत होते. आजारपणामुळे काही सामने बाहेर राहिलेल्या थंगराज यांना रहीम यांनी या सामन्यासाठी परत आणले होते. अखेरच्या मिनिटांत कोरियाने एक गोल फेडला, पण तेवढाच. भारत २-१ असा विजयी झाला.

मायदेशी परतल्यावर रहीम यांची प्रकृती झपाट्याने ढासळली. पुढचे महिने बहुतांश अंथरुणातच गेले. ११ जून १९६३ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. जकार्ताच्या विजयाला अद्याप वर्षही उलटले नव्हते.

त्यांच्यानंतर भारताला आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळालेले नाही, आणि १९६० नंतर भारतीय संघ ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत खेळलेला नाही. एवढ्या मोठ्या घसरणीचे कारण एकट्या माणसाच्या जाण्यात शोधणे फारसे न्याय्य नाही. मैदाने, पैसा आणि संघटना यांची उणीवही त्यात आहे. रहीम यांचे नाव मात्र हैदराबाद आणि कलकत्त्याच्या जुन्या खेळाडूंबाहेर बरीच वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर आधारित मैदान हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा अनेकांनी ते प्रथम ऐकले.

त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हे रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघात होते. पुढे ते आंतरराष्ट्रीय पंच झाले. पी. के. बॅनर्जी देशातील नामवंत प्रशिक्षक झाले. १९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत भारताला कांस्यपदक मिळाले, तेव्हा कर्णधार होते हैदराबादचेच सय्यद नईमुद्दीन. प्रशिक्षकांसाठी असलेला द्रोणाचार्य पुरस्कार रहीम यांच्या निधनानंतर बावीस वर्षांनी, १९८५ मध्ये सुरू झाला. १९९० मध्ये तो नईमुद्दीन यांना मिळाला.